अनुभवाचा रकाना

भाषा शिकवणाऱ्या माणसाकडे लोक अर्ज घेऊन येतात. रेशनकार्डावरच्या नावात चूक, पासपोर्टसाठी शाळेचा दाखला, कतारमधल्या मुलाने मागवलेलं मुखत्यारपत्र. उर्दूत शिकलेला आणि सरकारी मराठी वाचू शकणारा माणूस मोहल्ल्यात एखाददुसराच असतो, म्हणून मगरीबनंतर माझ्या ओट्यावर कुणी ना कुणी कागद घेऊन बसलेलं असतं. मलाही ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात असाच एक जुना विद्यार्थी आला. आता तिशी ओलांडलेला, दाढीत एखाददुसरा पांढरा केस. मुंबईतल्या एका एजंटाने त्याला आखातातल्या ड्रेजिंगच्या कामासाठी फॉर्म दिला होता. समुद्राच्या तळाची रेती पाण्यासकट पंपाने ओढायची आणि पाईपमधून लांब नेऊन टाकायची, असं ते काम. नाव, जन्मतारीख, शिक्षण असे रकाने भरून झाले. पुढचा रकाना अनुभवाचा होता. मी पेन थांबवलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं नाही, ओट्याच्या कडेचा रंग नखाने खरवडत बसला.

त्याला अनुभव आहे. सहा-सात वर्षांचा, आणि चांगला. पण तो कुठे मिळवला हे कागदावर लिहिता येत नाही. त्याने सावित्रीच्या खाडीत, रात्री, सक्शन पंपावर काम केलंय.

त्याला काय येतं हे आधी सांगतो. ते कळल्याशिवाय त्या रिकाम्या रकान्याचं दुःख कळणार नाही.

कामाला लागल्यावर एक-दोन वर्षांनी तो मला रस्त्यात भेटला होता. म्हणाला, "सर, एक गोष्ट समजत नाही. आमची चार इंची लाईन होती, मस्त चालायची. शेठने सहा इंची टाकली. इंजिन तेच, पंप तोच. आता दर तासाला चोक होते. मोठा पाईप लवकर कसा काय तुंबतो?" दहावीला गणितात दोनदा बसलेला मुलगा हे विचारत होता. मी भाषेचा माणूस. "बघून सांगतो" म्हणालो आणि खरंच पुस्तकं काढून बसलो.

उत्तर सोपं निघालं. पाणी एकटं असेल तर पाईपमधून कितीही हळू जाऊ शकतं. खडी आणि रेती घेऊन जायची असेल तर त्याला एक किमान चाल लागते. चाल पुरेशी असली की बारीक रेती पाण्यात तरंगत जाते आणि जाड खडी तळाशी लोळत, उड्या मारत जाते. चाल त्याखाली आली की आधी जाड खडी तळाला बसते, मग तिच्यावर रेती. सहा इंची पाईपचं तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट असतं. तेवढ्याच पंपाचं पाणी त्यात सोडलं तर चाल निम्म्यावर येते आणि भार जागच्या जागी बसतो. वर आणखी एक गंमत अशी की, पाईप जितका रुंद तितकी ही किमान चालही जास्त लागते. १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे दुराँ नावाच्या अभियंत्याने याचे प्रयोग करून सूत्र बसवलं. त्या सूत्राने जाड रेतीसाठी सहा इंची पाईपला सेकंदाला साधारण तीन मीटर चाल लागते. आपली रेती काळ्या कातळाची, म्हणजे गारेच्या पांढऱ्या रेतीपेक्षा जड. तिला थोडी जास्तच लागेल.

हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पाईप लहान करू?" "किंवा इंजिन मोठं." तो हसला. शेठ इंजिन बदलणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

नंतर कळलं की त्यालाच मला शिकवण्यासारखं जास्त होतं. पाईपच्या तोंडातून पडणाऱ्या शंभर बादल्यांत रेतीच्या पंधरा असल्या तर लाईन नीट चाललीय असं समजायचं. हाव धरून सक्शनचं तोंड तळात खोल खुपसलं की भार वाढतो, चाल मरते. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण मुळात वरच्या हवेचा दाब पाण्याला पाईपमध्ये ढकलतो. म्हणून हिशेबाने दहा मीटरच्या वर आणि रेती असताना त्याच्याही बऱ्याच आधी पंप हात टेकतो. खडी तळाशी घासत जाते, म्हणून पाईपची खालची बाजू आधी झिजते. काही दिवसांनी बोल्ट काढून पाईप एक तृतीयांश फिरवायचा, म्हणजे त्याचं आयुष्य वाढतं. आणि आवाज. चालत्या लाईनवर हात ठेवला की खडीची खडखड हाताला लागते. ती आवाजात जाड आणि मंद व्हायला लागली की दोन-तीन मिनिटांत चोक ठरलेला. मग हातोडीने ठोकत जायचं. रिकामा भाग ठणठणतो, भरलेला भाग बद्द वाजतो. बद्द आवाज सुरू होतो तिथला जोड उघडायचा.

"सगळ्यात महत्त्वाचं काय माहितीये सर?" तो म्हणाला होता. "सुरू करताना आधी नुसतं पाणी सोडायचं. आणि बंद करताना शेवटी नुसतं पाणी. पोटात भार ठेवून इंजिन बंद केलं की सगळी खडी उतरून पंपाच्या तोंडात बसते. मग सकाळपर्यंत खोलत बसा."

मोठमोठ्या खाणींत हेच चालतं, फक्त मोजमाप मोठं. कर्नाटकातल्या कुद्रेमुखचं लोहखनिज १९८० पासून २००५ पर्यंत घाटातून मंगळूरच्या बंदरापर्यंत पाण्यात मिसळून पाईपनेच यायचं, सुमारे ६७ किलोमीटर. पण तिथे खनिज आधी पिठासारखं दळून घेत. पीठ पाण्याबरोबर सलोख्याने जातं. खडी भांडत जाते. म्हणून खडीची लाईन सांभाळणाऱ्या माणसाला कान तयार ठेवावा लागतो. माझ्या विद्यार्थ्याचा कान तयार आहे. पण कानाचं सर्टिफिकेट मिळत नाही.

त्याचे वडीलही खाडीतच होते, पण हातपाटीवर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. होडी नांगरायची, तळाशी बांबू रोवायचा. बांबू धरून माणूस दम रोखून खाली जातो, घमेलं किंवा डबा रेतीने भरतो, वरचे दोरीने ओढून घेतात. त्याच्या वडिलांना एका कानाने ऐकू यायचं नाही. पालकसभेला ते चांगला कान माझ्याकडे करून बसायचे. मुलाची प्रगती सांगितली की दोन्ही हात जोडायचे.

एकदा मी सहज हिशेब मांडला. रेती मोजतात ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २,८३० लिटर. वीस लिटरचं घमेलं धरलं तर एका ब्रासला एकशे चाळीसच्या वर बुड्या. सहा इंची लाईन तीन मीटरच्या चालीने चालली आणि पाण्यात पंधरा टक्के रेती असली तर तीच ब्रास सहा मिनिटांत वर येते. बापाच्या एकशे चाळीस बुड्या, मुलाची सहा मिनिटं. बापाचा कान गेला तो बुड्यांपायी. मुलाने पंप धरला याचं मला नवल वाटत नाही. पण नदीच्या बाजूनेही हा हिशेब वाचायला हवा. माणूस दमतो, म्हणून हातपाटी आपोआप थांबते. पंप डिझेल संपेपर्यंत थांबत नाही.

आता नदीकडे येतो.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपूरला येईपर्यंत जवळजवळ सगळी उंची उतरून टाकते. आंबेनळी घाटातून खाली येताना पाहा, वरच्या ओढ्यांत म्हशीएवढे धोंडे असतात. पोलादपूरच्या पात्रात गोटे. महाडच्या दिशेने खडी, मग रेती. खाडीत बोटाला लागणारा मऊ गाळ. कुणीतरी चाळणी लावून वेगवेगळं केल्यासारखं. चाळणी अर्थात चालीची. जुन्या अभियंत्यांचा एक नियम आहे. पाण्याची चाल दुप्पट झाली तर ते चौसष्ट पट वजनाचा दगड हलवू शकतं. उलटही खरं. चाल निम्मी झाली की चौसष्टातला एक भागच उचलता येतो, बाकी जागेवर टाकावं लागतं. महाडला उतार संपतो, काळ आणि गांधारी येऊन मिळतात, आणि खालून भरतीचं पाणी येतं. भरतीच्या वेळी नदी जवळजवळ उभी राहते. हातातलं सगळं तिथेच ठेवते. वर्षानुवर्षं ठेवलेल्या त्या ओझ्यातून पात्रात बेटं तयार झाली. आपल्याकडे त्यांना जुटे म्हणतात. त्यांच्यावर झाडंसुद्धा वाढली होती.

म्हणजे आपली नदी हा एक मोठा पाईप आहे आणि महाड-दासगावच्या टप्प्यात तो बद्द वाजतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात बसलो होतो. उठून बाहेर आलो आणि पुलावर जाऊन उभा राहिलो.

पूल म्हटला की २०१६ आलंच. २ ऑगस्टची रात्र. महाड आणि पोलादपूरच्या मधला, इंग्रजांच्या काळातला पूल पुरात पडला. एसटीच्या दोन बस आणि एक तवेरा नदीत गेली. पहिल्या बसचा सांगाडा सापडायला आठवड्याहून जास्त दिवस लागले. मृतदेह खाडीतून थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत मिळाले. आमच्या खाडीकाठच्या गावांतले होडीवाले शोधाला गेले होते. हातपाटीवाले, मासे मारणारे, ज्यांना पाण्याचा तळ माहीत होता ते सगळे.

त्या आठवड्यात प्रत्येक चहाच्या टपरीवर एक शब्द ऐकू यायचा, रेती. पूल रेतीने पाडला असं जो तो म्हणत होता. कारणं शोधायला चौकशी आयोग बसला, पण टपरीवरच्या लोकांना आयोगाची वाट कशाला पाहायची? त्या आठवड्यातच माझा विद्यार्थी माझ्याकडे आला होता. जुम्म्याचा दिवस, मशिदीच्या पायऱ्या. चेहरा उतरलेला. त्याने हळू आवाजात विचारलं, "सर, माझी कमाई हलाल आहे का?"

मी मौलाना नाही. पण शिक्षकाला उत्तर नाही असं म्हणायची सवय नसते. मी म्हणालो, "चोरीची रेती, चोरीची कमाई. हराम आहे. सोडून दे."

तेवढंच. तो सलाम करून निघून गेला. पुढची पाच वर्षं तो मला दिसला की रस्ता बदलायचा.

मी चुकीचं बोललो असं अजूनही वाटत नाही. रेती हे गौण खनिज आहे. कायद्याच्या नजरेत रेतीचा गट म्हणजे लहानशी खाणच. महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे परवान्याशिवाय काढलेल्या रेतीवर बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होतो, पंप आणि होड्या जप्त होतात. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात सांगितलं की पाच हेक्टरहून लहान खाणींनाही पर्यावरणाची परवानगी घ्यावीच लागेल. कायदा त्याच्या बाजूचा नव्हता. धर्माचं म्हणाल तर, वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही गरजेपेक्षा जास्त पाणी घेऊ नये ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. नदी वाहती आहे म्हणून ती आपली होत नाही. पाण्याला हे लागू असेल तर पाण्याखालच्या रेतीला का नाही?

पण त्या रात्री झोप येईना. मी उठून घराच्या भिंतीला हात लावला. २००९ साली आम्ही हे घर बांधलं. बीएडनंतरची नोकरी, चाचांनी दुबईहून पाठवलेले पैसे, बायकोचे दागिने. रेतीचा डंपर रात्री दोन वाजता आला होता. अब्बा कंदील घेऊन उभे होते, मी जागा दाखवत होतो. रॉयल्टीची पावती मी मागितली नाही. डंपरवाल्याने दिली नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या आखाताच्या पैशावर उभ्या राहिलेल्या माड्या, शादीखान्याचा स्लॅब, मशिदीचा नवा मजला, यांच्या रेतीची पावती कुणी पाहिलीय? माझ्या भिंती त्या खाडीच्या. आणि हराम एकट्या त्याची कमाई. हा फतवा देताना मी सोयीने भिंतीला टेकून उभा होतो.

मग २०२१ आलं.

२१ जुलैला बकरी ईद होती. पाऊस आधीच चालू होता. कुर्बानीचं गोश्त वाटायला मुलं छत्र्या घेऊन फिरली. २२ तारखेला पाणी चढायला लागलं. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तो सगळा उताराने आमच्याकडे आला आणि समोरून भरती. त्याच दिवशी संध्याकाळी तळियेवर डोंगर आला. डोंगर येणं म्हणजे दुसरं काय असतं? माती, दगड आणि पाणी यांचं मिश्रण ज्याला पाईपची गरज लागत नाही. तळियेच्या लोकांसाठी नंतर सगळ्या मशिदींतही दुआ झाली.

आम्ही माडीवर होतो. जिन्याच्या सातव्या पायरीवर पाणी थांबलं. वीज नाही, फोन नाही. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि मागे चिखल राहिला. गुडघ्याएवढा, डांबरासारखा, कुजक्या वासाचा. फ्रीज उलटा पडलेला, त्यातलं ईदचं गोश्त. माझ्या वीस वर्षांच्या वह्या, उर्दूचे शब्दकोश, मुलांचे निबंध, सगळ्याचा एक लगदा.

तिसऱ्या दिवशी मशिदीत गेलो तर वुजूचा हौज काठोकाठ चिखलाने भरलेला. दहा-बारा माणसं फावडी घेऊन उभी, पण फावड्याने तो चिखल निघत नव्हता. उचलला की ओघळून परत आत. तेवढ्यात एक टेम्पो आला. त्यात चार इंची पंप, इंजिन, पाईपचे तुकडे आणि माझा विद्यार्थी.

"पंप कुणाचा?" कुणीतरी विचारलं.

"ते विचारू नका," तो म्हणाला.

पहिली गोष्ट त्याने टँकर मागितला. लोक चिडले. प्यायला पाणी नाही आणि हा चिखल काढायला पाणी ओततोय! मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी त्याला झापलंसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, "चाचा, घट्ट चिखल पाईपातून जात नाही. आधी त्याला पातळ करावं लागेल. पिण्याचं नको, विहिरीचं गढूळ चालेल." विहिरीवर दुसरा पंप लावला. सक्शनच्या तोंडाला जाळी बांधली, कारण चिखलात चपला, बाटल्या, विटांचे तुकडे होते. आधी नुसतं पाणी सोडलं. मग हौजात पाण्याचा फवारा मारून चिखल ढवळला आणि हळूहळू तोंड खाली नेलं. एक हात पाईपवर. पाईपचं दुसरं टोक दूर मोकळ्या शेतात. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. वर्गात निबंध लिहिताना खिडकीबाहेर बघणारा हा मुलगा. आता कुणी काही बोललं तर हाताने गप्प करत होता, कारण त्याला पाईप ऐकायचा होता.

हौज दुपारी रिकामा झाला. मग शेजारची तळघरं, दोन दुकानं, शाळेचा खालचा वर्ग, गल्लीतल्या मंदिराचं अंगण. पाच दिवस तो झोपला नसावा. शेवटी इंजिन बंद करण्याआधी त्याने विहिरीचं पाणी पाच मिनिटं नुसतं पाईपातून जाऊ दिलं. तोंडातून पडणारं पाणी काळं होतं, मग तपकिरी, मग जवळजवळ स्वच्छ. तेव्हा त्याने बटण दाबलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "शेवटी पाणी, सर."

मी त्याला मिठी मारली. दोघेही चिखलाने भरलेले होतो.

त्यानंतर सावित्रीतला गाळ आणि जुटे काढायचं काम सुरू झालं. महाडकरांची ती जुनी मागणी होती आणि ती बरोबरच आहे. तुंबलेला पाईप खोलावाच लागतो. पण त्याच्या धंद्यातून मी जे शिकलो ते दोन मुद्दे इथे मांडतो, कारण आमच्याकडे या विषयावर दोनच पक्ष आहेत, 'रेती काढू नका' आणि 'सगळं काढा'.

पहिला मुद्दा. रेतीचा पंप कुठे लागतो? जिथे स्वच्छ, जाड, विकाऊ रेती आहे तिथे. नदी तुंबलीय ती अनेकदा भलत्याच जागी, जिथे चिखल आहे, झाडं उगवलेले जुटे आहेत, ज्यांना ब्रासला गिऱ्हाईक नाही. धंद्याला सोडून दिलं तर नदी जिथे मोकळी आहे तिथेच खड्डे पडत जातात आणि जिथे अडलीय तिथे तशीच राहते. वर खड्ड्याचं आणखी एक गणित आहे. वरून आलेला भार त्या खड्ड्यात पडतो आणि हलकं झालेलं पाणी पुढे जाऊन पुन्हा भार उचलू लागतं, तळाचा, काठाचा, पुलाच्या पायथ्याचा. खड्ड्याच्या वरच्या बाजूचा तळही ढासळत मागे सरकतो. पाण्याला रिकाम्या हाताने चालता येत नाही.

दुसरा मुद्दा त्या सहा इंची लाईनचा. पात्र रुंद केलं म्हणजे नदी मोकळी झाली असं नाही. पुराच्या दिवशी जास्त पाणी मावेल हे खरं. पण एरवीच्या दिवसांत तेवढंच पाणी रुंद पात्रात पसरलं की चाल मंदावते आणि गाळ पुन्हा तिथेच बसतो. म्हणून गाळ काढणं हे एकदा करून फोटो काढायचं काम नाही. दर वर्षी मोजायचं, किती बसला ते बघायचं आणि तेवढाच, तिथूनच काढायचा. खाली पाण्याची वाट भराव घालून अरुंद केलेली असेल तर ती मोकळी करायची. आणि वर, पोलादपूरच्या डोंगरांत, जंगल तोडून आणि रस्त्यांसाठी डोंगर कापून नदीच्या तोंडात किती माती घालतोय तेही मोजायचं. माझ्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचं तर सक्शनचं तोंड किती खोल खुपसलंय ते बघा, मग चोकवर हातोडी मारा.

हे काम कुणाला येतं? महाड-पोलादपूरच्या खाडीकाठी असे पन्नास-शंभर तरुण सहज असतील, मुसलमान, कोळी, बौद्ध, कुणबी, ज्यांच्या हाताला हे येतं. आज ते पोलिसांची गाडी दिसली की खाजणात पळतात. त्यांचे शेठ पळत नाहीत, कारण शेठ रात्री खाडीत नसतात. जप्ती होते तेव्हा पंप गॅस कटरने कापतात आणि नाव लागतं ते पाईपवर हात ठेवणाऱ्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालात म्हटलंय की जग दर वर्षी पाच हजार कोटी टन वाळू आणि खडी वापरतं. चाचा दुबईत असताना पाम जुमेरा बेट समुद्रात उभं राहताना त्यांनी पाहिलं होतं. नऊ कोटी घनमीटरहून जास्त वाळू ड्रेजरने ओढून, फवारे मारून टाकलेली. तिथे याच कामाला गणवेश, विमा आणि पगाराची पावती असते. म्हणून आमची मुलं तिकडे जातात. आमच्या नदीला त्यांची गरज असताना जातात.

तर, फॉर्म माझ्या मांडीवर होता आणि अनुभवाचा रकाना कोरा.

मी म्हणालो, "माझा एक नातेवाईक बांधकामाचे ठेके घेतो. त्याचं लेटरहेड मिळेल. पंप ऑपरेटर म्हणून पाच वर्षं नोकरी केली असं लिहून घेऊ. कोण तपासतंय?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नको सर. मी तीन वर्षं झाली ते काम सोडून. तुम्ही हराम म्हणालात ते खरं होतं. राग आला होता, पण खरं होतं. आता तिकडे जाऊन हलाल कमवायला निघालो आणि सुरुवातच खोट्याने करू? आधी पाणी, सर. स्वच्छ."

मला २००९ चा डंपर आठवला. मी त्याला तो सांगितला. कंदील, रात्रीचे दोन, न मागितलेली पावती. इतक्या वर्षांत घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने ऐकलं, भिंतीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आमची नसेल सर. तेव्हा मी नववीत होतो. बाबांची असेल." आणि आम्ही दोघेही हसलो. मग हसू थांबलं.

शेवटी मी रकान्यात लिहिलं ते असं: 'खडी, रेती व गाळ पाण्यासह पाईपमधून वाहून नेण्याचे काम येते. पंप, इंजिन व पाईपची देखभाल येते. लाईन चोक होण्याआधी आवाजावरून ओळखतो. जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाड येथे मशीद, मंदिर, शाळा व घरांतील गाळ पाच दिवसांत विनामोबदला काढला. याचा मी साक्षीदार आहे.' एजंटासाठी खाली त्याचं इंग्रजी केलं. वर्षांचा आकडा लिहिला नाही.

खाली माझं नाव, हुद्दा आणि सही. शिक्का मात्र मारला नाही. शाळेचा शिक्का मारण्याचा मला अधिकार नव्हता, आणि तो मला म्हणालासुद्धा नाही.